कडेची फोड

केक उलटा करून ताटात काढला की त्याच्या तळाला, एका कडेशी, नखाएवढी काळपट कोर दिसायची. बाकी सगळा तळ सारखा बदामी. भांड्याला तूप जास्त लावून पाहिलं, खाली कागद घालून पाहिला, भांडं फिरवून ठेवलं. कोर यायची ती यायचीच, आणि ओव्हनच्या त्याच बाजूला यायची. माझा ओव्हन म्हणजे त्या काळी पुष्कळ घरांत असायचा तसा ॲल्युमिनियमचा गोल डबा, झाकणाला काचेची खिडकी. त्याची कॉइल एकदा तुटली तेव्हा मीच तिची दोन टोकं एकमेकांत पिळून बसवली होती. त्या सांध्यापाशी तार जास्त तापायची. नवी कॉइल बाजारात मिळाली असती, पण कारण कळल्यावर ती कोर मला खुपेनाशी झाली. माझा केक कुणी कुठेही नेऊन ठेवला असता तरी तो उलटा करून मी ओळखला असता.

त्या शनिवारी सकाळी मी ती कोर पाहत होते, तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. माझी मैत्रीण वसुधा हिचे यजमान, माधवराव, केक न्यायला आले होते.

"अजून कोमट आहे," मी म्हणाले. "उद्या मी येणारच आहे. सोबत घेऊन येते नं."

"नको, वसुधानं बजावून पाठवलंय. उद्याच्या गडबडीत नको म्हणे, आजच आण."

"तुमच्याकडे कसली गडबड? आम्ही दोघीच तर येतो."

"ते तुम्ही मैत्रिणी बघून घ्या. मी हमाल." ते हसले.

मी केक स्टीलच्या डब्यात घालून दिला. डबा पिशवीत ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि मॅडम, उद्या संध्याकाळी लेआउटवाल्याला शेवटचं सांगायचंय. आमचा कोपऱ्याचा प्लॉट नक्की. त्या टोकाचा कालिंदीताईंचा नक्की. मधला तुमच्यासाठी धरून ठेवलाय, पण तो आता थांबायला तयार नाही. गिऱ्हाइकं आहेत त्याच्याकडे."

"उद्या सांगते."

"हे तुम्ही मागच्या दिवाळीतही म्हणाला होता," ते म्हणाले आणि त्यांनी किक मारली.

ही अमरावतीतली गोष्ट, तीसेक वर्षांपूर्वीची. वसुधा, कालिंदी आणि मी एकाच कॉलेजात शिकवत होतो. वसुधा वनस्पतिशास्त्र, कालिंदी गणित, मी रसायनशास्त्र. मी नोकरीवर रुजू झाले तेव्हा या गावात मला कुणी ओळखत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत वसुधानं आपल्या डब्यातली भाजी माझ्या झाकणात वाढली आणि माझ्या डब्यातली न विचारता घेतली. ते मी कधी विसरले नाही. पुढं जे काही झालं त्यानंतरही विसरले नाही.

दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघी वसुधाच्या घरी जमायचो. तोवर लाडू-करंज्यांचा सगळ्यांना कंटाळा आलेला असायचा. चिवडा कालिंदीचा, चहा वसुधाचा आणि केक माझा. आंबिया बहाराची संत्री तेव्हा बाजारात असायची, त्यांची साल किसून मी केकमध्ये घालायची. वसुधाच्या सासूबाई, माई, अंडं खात नसत. म्हणून मी बिनअंड्याचा केक बसवायला घेतला. तो सहजासहजी बसला नाही. दह्यातलं आम्ल कमी पडलं की उरलेल्या सोड्याची चव जिभेवर राहायची. दही वाढवलं की केक आतून ओला राहायचा. शेवटी थोडं दही काढून त्या जागी संत्र्याचा रस घातला आणि जमलं. तोवर बिघडलेले केक आम्ही नवराबायकोनं मुकाट्यानं दुधात बुडवून संपवले. एवढा खटाटोप एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंसाठी चालला होता, आणि त्यांच्याशी मी चार वाक्यांपलीकडे बोललेलीही नव्हते.

माई आतल्या खोलीत असायच्या. वसुधा बशीतून केक आत नेऊन द्यायची आणि थोड्या वेळानं बशी आणून मला दाखवायची.

"बघ, कण ठेवला नाही."

मला तेवढं पुरायचं.

प्लॉटची कल्पना वसुधाची. बडनेऱ्याच्या रस्त्याला नवा लेआउट पडला होता, त्यात एका ओळीत तीन प्लॉट मोकळे होते. तिनं स्टाफरूममध्ये कागदावर तीन घरं काढली. मध्ये भिंती नाहीत, मेंदीचं कुंपण, आणि कुंपणातून जायला वाट. "मधलं घर उत्पलाचं," ती म्हणाली. "केक भाजला की दोन्हीकडे वास." आडनावाच्या पाट्या तिला नको होत्या. "कॉलेजात दिवसभर आडनावंच ऐकतो. घराला नावं ठेवू. माझ्या घराचं नाव अंकुर. उत्पलाच्या घराचं उत्पल."

"माझ्या घराचं शून्य," कालिंदी म्हणाली. "कर्ज फेडून तेवढंच उरणार आहे."

आम्ही खूप हसलो होतो. तो कागद वसुधानं बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. पण मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. का, ते मला नेमकं सांगता येत नव्हतं, आणि जे नेमकं सांगता येत नाही ते बोलायची मला सवय नाही.

माझ्या नवऱ्याला, यशवंतला, ते सांगता येत होतं. तो पाटबंधारे खात्यात होता. त्याचे थोरले भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या वस्तीत घर बांधत होते आणि शेजारची जागा आम्ही घ्यावी म्हणत होते. त्या शनिवारी दुपारी जेवताना मी त्याला माधवरावांचा निरोप सांगितला.

"मग काय सांगणार?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला दोन्ही चालेल. मैत्रिणी तुझ्या आहेत, तू ठरव. फक्त एक सांग. वसुधाबाईंकडे आपण दोघं जेवायला गेलोय कधी?"

"आमचं तिघींचंच ठरलेलं असतं."

"माधवराव घरात असतात नं?"

मी त्याला भाकरी वाढली.

"दादाच्या शेजारी राहिलो तर आपण कोण, हे कुणी विचारणार नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

"इकडेही कुणी विचारलेलं नाही."

"नाही विचारलं. तेच म्हणतोय मी."

रविवारी दुपारी मी वसुधाकडे पोचले तेव्हा कालिंदी आधीच येऊन बसली होती. त्या वर्षी माईंचा गुडघा धरला होता. डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलं म्हणून त्यांची खाट परसात, पेरूच्या झाडाशेजारी टाकली होती आणि आमच्या खुर्च्याही तिथंच मांडल्या होत्या. इतक्या वर्षांत माई पहिल्यांदाच आमच्यात बसत होत्या. अंगानं लहानशा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला, आणि बोलायला मोठ्या हौशी.

"तू ती रसायनवाली का गं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"आणि ही आकडेवाली."

"माई, आकडेवाली नका म्हणू," कालिंदी म्हणाली. "मी मटका घेते असं वाटेल लोकांना."

माई तोंडाला पदर लावून हसल्या. मग मला म्हणाल्या, "वसुधा सारखं उत्पला उत्पला करत असते. शेजारी राहायला येणार म्हणे तुम्ही दोघी. बरं होईल, मला बोलायला कुणीतरी हवं. हिला कॉलेज सुटत नाही. तुझं आडनाव काय गं?"

"माई, आधी चहा घ्या," वसुधा ट्रे घेऊन येत म्हणाली. "निवतोय."

चहातून वाफ निघत होती. ते मी पाहिलं, पण त्यावर तेव्हा विचार केला नाही.

वसुधानं चिवड्याचं ताट मध्ये ठेवलं, त्याच्या शेजारी केकचं. फोडी आधीच कापून मांडलेल्या होत्या. दर वर्षी तशाच असायच्या. माईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ताटावर वाकल्या.

"माझी फोड कुठाय?"

"ही काय, बाजूला काढलीय," वसुधा घाईनं म्हणाली आणि तिनं एक फोड त्यांच्या बशीत ठेवली.

ती कडेची फोड होती. माईंनी ती उलटी केली. तळाला काळपट कोर होती.

"बघ," त्या मला म्हणाल्या. "भट्टीवाला दर वर्षी एक फोड लावतो. एकच. माझ्यासाठी लावतो असं मी म्हणते. मला हे असं खरपूस आवडतं, लहानपणापासून. दुधाच्या पातेल्याची खरवडही मीच खायची." त्यांनी एक घास तोडला आणि डोळे मिटून खाल्ला. "तू घेतलास का गं कधी त्या बेकरीतला? अंडं घालत नाही, बरं का. मी विचारून घेतलंय वसुधाला. आणि सोड्याची चव म्हणून नाही. आपल्या बायकांना घरी नाही जमायचं असं काही."

मी वसुधाकडे पाहिलं. ती भरलेल्या कपात पुन्हा चहा ओतत होती. मी कालिंदीकडे पाहिलं. ती चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती, एकेक.

"कोणत्या बेकरीतला, माई?" मी विचारलं.

"वसुधा, कोणती गं ती?"

"स्टेशनजवळची," वसुधा म्हणाली. माझ्याकडे न पाहता म्हणाली.

चहा अजून कुणाचा संपला नव्हता. तरी मी उठले, माझा कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेले.

माझा स्टीलचा डबा ओट्यावर घासून पालथा घातलेला होता. फ्रिजवर एक गुलाबी खोका होता, वर स्टेशनजवळच्या बेकरीचं नाव. मी तो खाली काढला. नवा नव्हता. कोपरे आतून चिकटपट्टीनं जोडलेले होते. सुतळी गुंडाळून आत ठेवली होती. तळाला तुपाचे गोल डाग होते, एकावर एक पडलेले, काही पिवळे, काही जुने होऊन तपकिरी झालेले. सगळ्यांचा घेर माझ्या भांड्याएवढा होता.

म्हणजे खोका जपून ठेवला जात होता. दिवाळी झाली की वर ठेवायचा, पुढच्या दिवाळीला खाली काढायचा. शनिवारी माझा डबा यायचा, केक त्यातून या खोक्यात जायचा, आणि खोका माईंच्या डोळ्यांसमोर उघडायचा. म्हणून आदल्या दिवशीची घाई. म्हणून कापलेल्या फोडी.

वसुधा दारात येऊन उभी होती.

"उत्पला, ते ठेव नं. मी सांगते."

"सांग."

"पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, हा कोणाकडचा? माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, बेकरीचा म्हणून. मग तेच चालू राहिलं."

"पटकन का निघालं?"

"अगं, घरचं म्हटलं की कोणाच्या घरचं, हे येतंच. बेकरीचं म्हटलं की काही येत नाही."

"बेकरीत कोण भाजतं, ते माहीत आहे त्यांना?"

"त्या विचारतच नाहीत ते."

"आणि माझ्याबद्दल काय विचारतील असं वाटलं तुला?"

ती ओट्याशी आली आणि पालथा डबा फडक्यानं पुसायला लागली. तो कोरडाच होता.

"त्यांचं वय बघ," ती म्हणाली. "त्या कशात वाढल्या ते बघ. त्यांच्या माहेरी..."

"माई मला नको म्हणाल्या का कधी? माझा केक नको म्हणाल्या?"

"त्यांना सांगितलंच नाही तर म्हणतील कशा?"

"म्हणजे त्या नको म्हणालेल्याच नाहीत. त्यांच्या वतीनं तू म्हणालीस."

"त्या म्हणाल्याच असत्या, उत्पला."

"मुलं प्रयोग न करता रीडिंग लिहितात तेव्हा तू काय करतेस?"

"हे प्रॅक्टिकल नाही."

"मी विचारतेय, काय करतेस?"

तिनं फडकं ओट्यावर टाकलं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अशी जर्नल्स ती खिडकीतून बाहेर टाकायची. सगळ्या कॉलेजात त्यासाठी प्रसिद्ध होती.

"मी तुझ्याकडचं खाते," ती एकदम म्हणाली, आणि तिचा आवाज दुखावलेला होता. "पहिल्या दिवसापासून खाते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आपणहून खाल्लं. हे तू विसरलीस?"

"नाही विसरले. कॉलेजात खातेस."

माझा आवाज चढलेला नव्हता. मला आवाज चढवता येत नाही. मी हातातला खोका ओट्यावर ठेवला. इतक्या दिवाळ्या मी दह्याचे थेंब मोजत बसले होते. एका म्हाताऱ्या बाईंना अंड्याचा विटाळ नको म्हणून. आणि इथं त्या केकमधून काढायचं होतं ते अंडं नव्हतंच.

"काय कुजबुज चाललीय?" कालिंदी आत आली. तिनं खोका पाहिला आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलेलं असेल."

"काय ठरलेलं? माझा केक दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात घालायचा, असं मी ठरवेन?"

"तसं नाही गं. म्हणजे मी एकदा बघितलं वसुधाला खोका भरताना. मग ती म्हणाली, माईंसाठी. मी पुढं विचार केला नाही."

"तू? पुढं विचार केला नाहीस?"

"नाही केला," कालिंदी म्हणाली. एरवी दुसऱ्याच्या घरातली चुकलेली बेरीजही तिच्या नजरेतून सुटत नसे. ती खाली बघत होती.

बाहेर स्कूटर आली. परसातून माधवरावांचा आवाज ऐकू आला. ते माईंना औषध घेतलं का विचारत होते.

"आणि मधला प्लॉट?" मी वसुधाला विचारलं. "शेजारी कोण येणार ते सांगितलंय माईंना?"

"सांगितलंय की. कॉलेजातली मैत्रीण म्हणून."

"आडनाव?"

"अगं, घर बांधून होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाईल. तोवर होईल त्यांना सवय. तुझी ओळख होईल, माणूस म्हणून कळशील तू त्यांना, मग काही वाटणार नाही. आणि पाटीवर तर उत्पल एवढंच..."

ती थांबली. तिनं ओट्यावरच्या खोक्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. कालिंदीनंही पाहिलं.

स्टाफरूममधल्या काचेखालचा तो कागद मला आठवला. मेंदीचं कुंपण, त्यातली वाट, दारावर अंकुर, दारावर उत्पल. त्या दिवशी आम्ही किती हसलो होतो ते आठवलं. माझ्या घराचं नाव तिनं प्रेमानं ठेवलं होतं, यात मला आजही शंका नाही. प्रेमानंच तिनं खोक्याचे कोपरेही चिकटपट्टीनं जोडले असतील.

"मला माहीत आहे, तुला खूप लागलंय," वसुधा म्हणाली. "माझं चुकलं. तू आता त्या प्लॉटचं नाही म्हणालीस तर मी समजू शकते. खरंच. यशवंतरावांचे भाऊ तिकडे बांधतायत नं? तुला तिकडेच बरं वाटेल कदाचित. मी सांगते माधवना, तू नको बोलूस."

ती बोलत होती ते मला सांभाळून घेण्यासाठीच. पण शेवटच्या दोन वाक्यांत तिचा आवाज हलका झाला. ओझं उतरल्यासारखा. तिला ते कळलं नसावं. मला कळलं. गेलं वर्षभर मला जे नेमकं सांगता येत नव्हतं ते मी त्या आवाजात ऐकलं. मी रागावून निघून गेले असते तर या घरात कुणाचीच अडचण राहिली नसती. खोका पुन्हा फ्रिजवर गेला असता. माईंना पुढच्या दिवाळीला सांगता आलं असतं की बेकरीवाल्यानं केक बंद केला. मधल्या प्लॉटवर कुणीतरी आलं असतं, ज्याचं आडनाव पाटीवर लावता आलं असतं. आणि सगळ्यांनी म्हटलं असतं की उत्पलानंच नको म्हटलं.

"तू नको सांगूस," मी म्हणाले. "मी सांगते."

"उत्पला, माईंसमोर नको."

मी खोका उचलला आणि परसात गेले. त्या दोघी माझ्या मागोमाग आल्या.

माई उन्हात तशाच बसल्या होत्या. त्यांची फोड निम्मी झाली होती. कोरेकडचा भाग त्यांनी शेवटी खायला ठेवला होता, लहान मुलं ठेवतात तसा. माधवराव स्टुलावर बसून चिवडा खात होते.

"हां, मॅडम," ते म्हणाले. "आता निघतोच तिकडे. काय सांगू त्याला?"

"एक मिनिट," मी म्हणाले आणि माईंच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. "माई, हा केक बेकरीतला नाही."

"आँ?"

"मी केलाय. माझ्या घरी, माझ्या ओव्हनमध्ये. दर वर्षी मीच करते. तुम्ही अंडं खात नाही म्हणून तुमच्यासाठी वेगळा बसवलाय. दही आणि संत्र्याचा रस आहे त्यात. तुमची फोड लागते, कारण माझ्या ओव्हनची तार त्या बाजूला जोडलेली आहे. भट्टीवाला कुणी नाही. हा खोका रिकामा होता."

मी खोका त्यांच्या खाटेवर, त्यांच्या पायांशी ठेवला. माईंनी तो हातात घेतला नाही. चष्म्यातून त्यांनी नीट पाहिलं, वरचं नाव, मग आतली सुतळी. मग सुनेकडे पाहिलं.

"वसुधा?"

वसुधा पेरूच्या झाडाला हात लावून उभी होती.

"माधव, तुला ठाऊक होतं?"

"मी नुसता घेऊन यायचो, आई," माधवराव म्हणाले. त्यांनी चिवड्याची बशी खाली ठेवली होती.

"हिनं केला, तर हिनं केला म्हणून सांगायचं," माई म्हणाल्या. "खोक्यात कशाला घालायचा?"

कालिंदी परसातल्या फरशीकडे बघत होती. माईंच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट उमटत गेली, ती मी पाहिली. वसुधानं कधी न उच्चारलेलं माझं आडनाव. मघाचा चहा. आतल्या खोलीत जाणारी बशी. त्या म्हाताऱ्या होत्या, मंद नव्हत्या. त्यांनी हातातल्या फोडीकडे पाहिलं. ती बशीत ठेवली नाही आणि तोंडाकडेही नेली नाही. मग मान वर करून, माझा चेहरा पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू कोणाकडची गं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या शेजारची," मी म्हणाले. "माधवराव, त्याला सांगा, मधला प्लॉट आम्ही घेतोय. आणि फाटकावर पाटी घराच्या नावाची नाही लागणार. आडनावाची लागेल. गजभिये."